यमुनाताईचे चाळीस हजार

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. देवगडकडच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी खाडी ओलांडून जावं लागायचं, आणि मुलीसाठी होडीचे पैसे खर्च करणारं आमच्या घरात कुणी नव्हतं.

लिहायचं कारण माझ्या जुन्या जोडीदारणीची, एस्तेरची भाची. ती मंडळ्यांचा, म्हणजे आमच्या चर्चांचा, नाताळचा अंक काढते. तिने मला "सुमनमावशी, तुमची साक्ष लिहून द्या" म्हणून सांगितलं. साक्ष म्हणजे आमच्याकडे उभं राहून सांगायचं असतं की मी आधी कशी दुःखात होते, मग प्रभू कसा भेटला आणि आता सगळं कसं छान आहे. मग लोक टाळ्या वाजवतात. मी लिहायला बसले, पण माझी गोष्ट काही टाळ्यांपर्यंत पोचेना. म्हणून हे तिला देणार नाही. कपाटात साड्यांखाली ठेवीन.

माझं काम रस्त्यावर पत्रकं वाटायचं होतं. येशूची सुवार्ता अनोळखी माणसांना सांगायची. सकाळी मुलुंडला दोन घरी स्वयंपाक करायचा आणि संध्याकाळी हे. मंडळीकडून महिन्याला चार हजार आणि बसभाडं मिळायचं. लोक तोंडावर विचारायचे, "एका माणसामागे किती कमिशन?" कमिशन नव्हतं. असतं तर मी उपाशी मेले असते.

मी मुळात लाजाळू. दुकानदाराने सुटे कमी दिले तरी मागायला लाजणारी. नवरा दारूने गेला तेव्हा भांडुपच्या आमच्या टेकडीवर कुणी दार वाजवलं नाही. मंडळीच्या दोन बायका मात्र रोज येऊन बसायच्या. काही बोलायच्या नाहीत, तांदूळ निवडून द्यायच्या, जाताना डोळे मिटून प्रार्थना करायच्या. त्यांच्यामुळे मी मंडळीत गेले. ते खोटं नव्हतं आणि आजही मी ते खोटं म्हणणार नाही. पुढे पास्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला जे मिळालं ते इतरांना द्या." नाही म्हणायची मला लाज वाटली. लाजाळू माणूस असाच फसतो. नाही म्हणायलाही हिंमत लागते.

हे काम दोघींनी मिळून करायचं असतं. माझी जोडीदारीण एस्तेर. नगरकडची, आज्यापासून ख्रिस्ती, आवाज खणखणीत. ती बोलायची, मी पत्रकं द्यायची. स्टेशनच्या तोंडाशी उभं राहून उपयोग नसतो, तिथे लोक पळत असतात. माणूस जिथे थांबलेला असतो तिथे जायचं. बसस्टॉप, रिक्षाची रांग, पासपोर्ट फोटोचं दुकान. येशूचं चित्र असलेली बाजू वर ठेवायची. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाईला द्यायचं नाही, तिचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि ती चिडते. लहान मुलाला कधीही द्यायचं नाही, आईबाप भांडायला येतात. 'धर्म' हा शब्द काढायचा नाही, 'शांती' म्हणायचं. मला लोकांच्या तोंडाकडे बघवत नसे, म्हणून मी पायांकडे बघायचे. चपला बघूनच मला कळायचं कोण थांबणार. टाच झिजलेली, पट्टा शिवून घेतलेली चप्पल असेल तर तो माणूस निदान हात पुढे करतो. नवे कोरे बूट कधी थांबले नाहीत.

पास्टरांना सगळ्यात आवडायची जागा म्हणजे हॉस्पिटलचं गेट. "तिथे मन मऊ झालेलं असतं," ते म्हणायचे. आम्ही तिथेही उभ्या राहिलो. हातात रिपोर्टची पिशवी घेऊन बाहेर आलेल्या माणसाच्या पुढ्यात पत्रक धरायचं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता त्या गेटवरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

गमतीही व्हायच्या. घाटकोपरला एक गृहस्थ रोज यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "शेजाऱ्यांनाही वाटतो, जरा जास्त द्या." मी खूश. शनिवारच्या बैठकीत मी पहिल्यांदाच उभं राहून बोलले, की एक भाऊ स्वतःहून सुवार्ता पसरवतोय. पुढच्याच आठवड्यात एस्तेरने त्यांना रद्दीवाल्याच्या काट्यावर गठ्ठा ठेवताना पकडलं. ते अजिबात शरमले नाहीत. म्हणाले, "कागद गुळगुळीत आहे ना, भाव चांगला येतो."

दुसरा एक दारुडा होता, मुलुंडच्या बसस्टॉपवरचा. शनिवारी पगार झाला की पिऊन यायचा, आमचं ऐकून ढसाढसा रडायचा आणि येशूला स्वीकारायचा. सोमवारी ओळख द्यायचा नाही. बैठकीत विचारायचे, या महिन्यात किती आत्मे? एस्तेर त्याला दर महिन्याला नवा धरायची.

"अगं, तो तोच आहे ना," मी हळूच म्हणायची.

"सुमे, दर वेळी नव्याने रडतो की नाही? मग नवाच," ती म्हणायची.

असं चाललं होतं. मग आम्हाला मुलुंडच्या बाजारातली जागा दिली, देवीच्या देवळासमोरची. मला ते पटलं नव्हतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन आपल्या दाराची जाहिरात कशाला? पण पास्टर म्हणाले, तहानलेली माणसं पाण्यापाशीच सापडतात. देवळाच्या पायरीशेजारी यमुनाताई फुलं विकायला बसायची. आम्ही रस्त्याच्या पलीकडे. पहिल्याच दिवशी तिने ओरडून विचारलं, "ओ बायांनो, तिकडे काय फुकट वाटताय? इथे मी हार विकते, माझी गिऱ्हाइकं तिकडे वळवू नका हां."

एस्तेर म्हणाली, "तुमच्याकडून हार घेऊनच येतात की आमच्याकडे."

"मग बरंय. हार घेऊ देत, मग कुठे का जाईनात."

यमुनाताई संगमेश्वरकडची, माझ्याच वयाची, जाड भिंगाचा चष्मा. नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेला आणि पुढे वारलेला. फुलांची टोपली तिने एकटीने चालवली. संध्याकाळी गर्दी ओसरली की मी तिच्याकडे पाणी प्यायला जायची. कोकणातली बाई भेटली की मला बोलता येतं. ती माझ्याकडून कधी पत्रक वाचायला घ्यायची नाही, पण कळ्या ठेवायला तिला ती बरी वाटायची. "तुमचा देव दिसायला चांगला आहे गं," म्हणायची. "पण एवढा वाळलेला का? आई जेवायला घालत नव्हती?"

तिला एकच मुलगी, कविता. शिकलेली, बारावी झालेली, टायपिंग येणारी. पण तिला लहानपणापासून आकडी यायची. महानगरपालिकेच्या हॉस्पिटलच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी बरंच थांबलं होतं. तरी स्थळ आलं की कुणीतरी जाऊन सांगायचं आणि स्थळ परत जायचं. यमुनाताईचे देवीला, गावच्या देवाला, कुठल्याशा दर्ग्याला, सगळीकडे नवस बोलून झाले होते. एक दिवस फुलं ओवताना मान वर न करता तिने मला विचारलं, "काय गं सुमन, तुमच्या देवाला नवस चालतो का?"

आम्हाला शिकवलेलं उत्तर असं होतं की आमच्यात नवस नसतो, देवाची कृपा फुकट असते, ती विकत घेता येत नाही. हे उत्तर एस्तेरला छान देता यायचं. पण एस्तेर त्या दिवशी नव्हती. आणि मी ज्या घरात वाढले तिथे देवाकडे काही मागायची दुसरी रीतच नव्हती. ताप आला, नवस. होडी परत आली नाही, नवस. मागायचं असेल तर बोलायचं, मिळालं की द्यायचं. मी म्हटलं, "चालतो."

त्या रविवारी ती कविताला घेऊन भांडुपला आली. आमची मंडळी एका गाळ्याच्या माळ्यावर भरायची, खाली पत्र्याचं काम चालायचं. पास्टरांनी कविताच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. पोरगी रडली, आई रडली, मीही रडले. मग उपदेश झाला. त्या महिन्यात उपदेश एकाच गोष्टीवर चालला होता, विश्वासाचं बी. शेतकरी आधी बी पेरतो, मग पीक येतं. तसं आधी देवाला द्या, जे तुमच्याकडे सगळ्यात मोलाचं आहे ते द्या, मग आशीर्वादाची वाट बघा. भिंतीवर पैसे पाठवायचा मोबाइलचा कोड चिकटवलेला होता.

यमुनाताई माझ्या कानाशी लागली. "आधी द्यायचं? आमच्यात तर काम झाल्यावर देतात."

मी पास्टरांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघून हसत होते. मी हो म्हणून मान हलवली.

पुढच्या आठवड्यात तिची भिशी लागली. बाजारातल्या बायका मिळून दर महिन्याला पैसे टाकायच्या आणि पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम मिळायची. चाळीस हजार आले. ते कविताच्या लग्नासाठी होते. तिने ते रुमालात बांधून आणले आणि पास्टरांच्या हातात दिले. पास्टरांनी तिला पुढे बोलावून माइक दिला. देवळाच्या पायरीवर आयुष्य काढलेली फुलवाली आज सजीव देवापाशी आली, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला टाळ्या आवडल्या असाव्यात, कारण ती मागे येऊन बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

त्याच दिवशी पास्टर कविताला म्हणाले की आता गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. हे मला पटलं नाही. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत मी हॉस्पिटल पाहिलं होतं. जिना उतरताना मी कविताला म्हटलं, "गोळ्या बंद करू नकोस गं बाळा." वर गाणी चालू होती, खाली पत्रा कापत होते. तिला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. माझा आवाजच असा. जन्मभर लोक मला "काय म्हणालात?" विचारत आलेत. त्या दिवशी तेही कुणी विचारलं नाही.

कविताने गोळ्या सोडल्या. काही आठवडे काही झालं नाही. यमुनाताई आम्हाला फुकट गजरे द्यायला लागली. एस्तेरने बैठकीत दोन आत्मे मोजले. मग डोंबिवलीचं एक स्थळ आलं, मुलगा बँकेत शिपाई, माणसं बरी. त्यांना आकडीबद्दल सांगायचं नाही असं यमुनाताईने ठरवलं, कारण आता आकडी नव्हतीच ना. पाहुणे बसले. कविता पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि ट्रेसकट खाली पडली. मुलाची आई उठून उभी राहिली. ती एवढंच म्हणाली, "आधी सांगायचं होतं." आणि ते लोक निघून गेले.

चार दिवसांनी यमुनाताई तिची टोपली तशीच सोडून रस्ता ओलांडून आमच्याकडे आली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"सुमन, काम झालं नाही. पैसे दे."

एस्तेर म्हणाली, "यमुनाताई, असं नसतं. देवाला दिलेलं..."

"तू गप. मी हिच्याशी बोलते. हिने सांगितलं नवस चालतो. मग नवसाचा कायदा सगळीकडे एकच आहे. काम झालं, दिलं. नाही झालं, नाही दिलं. एवढी वर्षं देवळाच्या पायरीवर बसते मी, माझ्या टोपलीतून रोज नवस जातात. कुठला देव आगाऊ घेतो, सांग मला? तुमच्या देवाने आगाऊ घेतले आणि कामही केलं नाही. परत द्या."

मी हातातली पत्रकं पिशवीत टाकली.

मी पास्टरांकडे गेले. ते माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, पण मी त्यांना कधी अरेतुरे केलं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "सिस्टर, देवाला दिलेलं परत मागणं हे त्या बाईसाठीच धोक्याचं आहे. तुम्ही तिला समजवा. आणि पैसे आता आहेत कुठे? नवे स्पीकर आले ना." खरंच आले होते. दोन काळे, माझ्या खांद्याएवढे. त्यानंतर दर रविवारी ते वाजायला लागले की मला कविताच्या लग्नाची वाजंत्री ऐकू यायची.

यमुनाताईने मग स्वतःची पद्धत काढली. आम्ही पत्रक द्यायला हात पुढे केला की ती पलीकडून ओरडायची. "घ्या, घ्या! चांगला देव आहे! फक्त पैसे देऊ नका, परत मिळत नाहीत!" लोक हसायचे. नारळवाला तिला साथ द्यायचा, "गॅरंटी कार्ड मागून घ्या हो!" मी मान खाली घालून चपला बघत उभी राहायची. त्या दिवसांत चपला थांबत नव्हत्या, किंवा थांबल्या तर तमाशा बघायला.

तमाशा बघणाऱ्यांत एक दिवस चार तरुण मुलं आली. मोबाइल काढून आमचं शूटिंग करायला लागली. "काय वाटताय? कुणाच्या परवानगीने? किती लोकांना बाटवलं?" एकाने माझ्या हातातला गठ्ठा ओढला, पत्रकं गटारात गेली. एस्तेर त्याच्याशी भांडायला लागली. मग त्यांच्यातल्या एकाने यमुनाताईला पुढे आणलं. तिची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

"मावशी, घाबरू नका. आम्ही आहोत. पोलिसांत तक्रार द्या, यांनी तुमचं धर्मांतर केलं म्हणून. आम्ही लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा."

यमुनाताईने चष्मा नाकावर वर ढकलला. "माझं कोण काय बदलणार? मी काल होते तीच आज आहे. सकाळी देवीला हार घातलाय मी. माझे चाळीस हजार गेलेत. ते लिहा."

"मावशी, पैशाचं नंतर बघू. आधी हे महत्त्वाचं."

"माझ्यासाठी पैसेच महत्त्वाचे. लिहिता का? मिळवून देता का? नाही ना? मग बाजूला व्हा, फुलं तुडवताय."

मुलं गेली. त्यांना पैशात रस नव्हता. मी तिथे उभी होते आणि मला वाटलं, ही बाई धावत येऊन मला मिठी मारेल किंवा मी तरी तिला मिठी मारेन. तसलं काही झालं नाही. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुला वाचवलं असं समजू नकोस. तू आत गेलीस तर माझे पैसे कोण देणार?"

त्या रविवारी पास्टरांनी स्पीकरवरून सगळ्यांना सांगितलं की आपल्या दोन बहिणींचा सुवार्तेसाठी छळ झाला, त्यांच्यावर हल्ला झाला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. मला उभं राहायला लावलं. लोक रडत होते. मग छळ झालेल्या सेवकांसाठी म्हणून खास दान गोळा केलं. पिशवी माझ्या समोरून गेली तेव्हा ती चांगली जड होती. मला वाटलं, देवानेच वाट काढली.

सभा संपल्यावर मी पास्टरांना म्हटलं, "हे पैसे यमुनाताईला देऊया. माझ्या नावाने गोळा झालेत ना."

ते म्हणाले, "तुमच्या नावाने नाही सिस्टर, कारणासाठी."

"मग तिचं काय?"

"तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. नवस हा शब्द मी तिला सांगितला नव्हता. तो तुम्ही सांगितला."

हे खरं होतं. त्यांनी नवस म्हटलं नव्हतं, बी म्हटलं होतं. पण तिच्याकडे बघून हसले ते, माइक दिला तो त्यांनी, पैसे घेतले ते त्यांच्या हातांनी. आणि तरी एवढ्या सगळ्यातून त्यांना माझा एक शब्द सापडला. मी आयुष्यात एवढी कमी बोललेली बाई, आणि माझा एकच शब्द धरला गेला. त्या दिवशी पहिल्यांदा मी मोठ्या आवाजात बोलले. म्हटलं, "ठीक आहे. माझा शब्द, तर मी फेडते. पण उद्यापासून तुमची पत्रकं दुसऱ्या कुणाला द्या." जिना उतरताना एस्तेर मागून आली. "सुमे, वेडी झालीस का? चाळीस हजार! तू कुठून देणार?" मी पायऱ्या उतरत राहिले. ती परत वर गेली. आजही ती तिथेच जाते. सणाला फोन करते, पण यमुनाताईचं नाव आमच्यात निघत नाही.

मी भांडुपला एका पोळीभाजी केंद्रात लागले. दिवसभर पोळ्या लाटायच्या. सकाळची दोन घरं होतीच. दर महिन्याला जमेल तसे हजार-दीड हजार घेऊन मी मुलुंडला जायची. कधी आजारपण आलं, कधी छपराचा पत्रा बदलावा लागला, तेव्हा पाचशेच नेले. पहिल्या वेळी मी मोबाइलवरून पाठवू का म्हणून विचारलं. तिच्याकडेही फुलांसाठी कोड लावलेला आहे. ती म्हणाली, "मोबाइलवर नको. हातातून गेलेत, हातातच येऊ देत. आणि तू यायला पाहिजेस. पाठवून मोकळी होशील, ते चालणार नाही."

म्हणून मी जात राहिले. तिने मला कधी बस म्हटलं नाही, पण माझ्यासाठी पाट सरकवायला लागली. पैसे मोजून झाले की चहा यायचा. चहाचे पैसे ती माझ्याकडून घ्यायची, तिचे आणि माझे दोन्ही. "व्याज," म्हणायची. एकदा मी विचारलं, "यमुनाताई, पास्टरकडे कधी मागायला गेली नाहीस?"

"गेले होते. खुर्ची दिली, चहा दिला. चहा देणाऱ्याकडून पैसे निघत नाहीत, हे मला कळतं. तुझ्याकडून निघतील असं वाटलं."

"का?"

"तू लाजतेस ना."

ती हे कौतुकाने म्हणाली नाही.

कविताने गोळ्या पुन्हा चालू केल्या. आकडी थांबली. ती आता मुलुंडलाच एका वकिलाकडे टायपिंग करते. लग्नाचं नाव काढू देत नाही. मला रस्त्यात भेटली तर ओळखीचं हसते, थांबत नाही. मला तिच्याशी बोलायचं असतं, त्या जिन्यावरचं विचारायचं असतं, ऐकू आलं होतं का म्हणून. पण आता विचारून काय होणार? ऐकू आलं होतं म्हणाली तर वाईट, नाही म्हणाली तरी वाईट.

मी प्रार्थना करते. सोडलेली नाही. रात्री दिवा मालवला की करते, एकटीच, कुणाला न सांगता. सुवार्ता म्हणजे आनंदाची बातमी. मी ती अंधेरीपासून मुलुंडपर्यंत हजारो लोकांच्या हातात दिली आणि त्यातल्या एका बाईने ती खरी मानली. जिने मानली तिचंच मी वाटोळं केलं, असं लोक म्हणतात. मी म्हणते, मी एकटीने केलं नाही. पण भरले मी एकटीने. पास्टरांनी आता ठाण्याला मोठा हॉल घेतलाय असं ऐकते. जुने स्पीकर विकले असतील.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटचे पैसे घेऊन मी गेले. मुद्दाम तो दिवस धरला होता असं नाही, केंद्रातून पगार तेव्हाच झाला. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या गोण्या फुटपाथवर ओतलेल्या, यमुनाताईच्या मांडीवर तोरणांचा ढीग, बोटं पिवळी झालेली. शेवटचा हप्ता हजाराचा होता. खरं सांगते, कित्येक महिन्यांपासून माझ्या मनात होतं की शेवटच्या वेळी ती म्हणेल, राहू दे गं सुमन. निदान शेवटचे शंभर तरी. मी ते घेतले नसते. पण तिने म्हणावं असं मला फार वाटत होतं.

तिने मांडीवरचं तोरण बाजूला केलं. सुई पदराला टोचली, हात पुसले आणि नोटा मोजायला लागली. एकदा मोजल्या, परत मोजल्या. मग एक दोनशेची नोट बाजूला काढली.

"ही चिकटवलेली आहे. बदलून आण."

"चालते गं ती. बस कंडक्टरने दिली."

"देवाकडे पैसे कंडक्टरचे अडकले नव्हते, माझे अडकले होते. बदलून आण. चाळीस हजार चांगले दिले होते मी."

मी समोरच्या मेडिकलमध्ये गेले. त्याने आधी नाही म्हटलं, मग मी डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी विकत घेतली तेव्हा नोट घेतली. उरलेल्यात माझ्या पाकिटातले सुटे घालून मी दोनशे जुळवले आणि परत आले. यमुनाताईने ते मोजले. शंभरची नोट उजेडात धरून बघितली. मग सगळे पैसे घडी करून कमरेच्या बटव्यात खोचले.

"झाले चाळीस हजार पुरे," ती म्हणाली. "आता सरक जरा, गिऱ्हाईक उभं आहे."

मी सरकले.